‘संस्थेचे नाव’ : निवृत्तीनंतरचे संशोधन आणि लहान अनुदाने

अर्जाच्या पहिल्याच पानावर, नाव आणि जन्मतारखेच्या खाली, ‘संस्थेचे नाव व पत्ता’ असा रकाना होता. सर तिथे थांबले. चौतीस वर्षे त्यांनी हा रकाना विचार न करता भरला होता. त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “इथे काय लिहायचं? घरचा पत्ता लिहिला, तर पुढचं पान कोणी उलटेल का?”

सरांची नोकरी पिकांवरच्या रोगांची होती, प्रेम गवतांवर. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात येणाऱ्या गवतांच्या फुलोऱ्याच्या तारखा त्यांनी सव्वीस पावसाळे टिपल्या, तेही रविवारी आणि रजा काढून. त्या वह्या आणि वर्तमानपत्रांत दाबलेले नमुने आता त्यांच्या पोटमाळ्यावर आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सहकारी बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडलेला. गवते शिकलो ती सरांच्या मागे हिंडून. वह्यांमधल्या खुणा वाचू शकणारी माणसे आज दोनच आहेत, आणि त्यांतले एक सत्त्याहत्तर वर्षांचे. अर्ज करायचा होता तो यासाठी.

निवृत्त शास्त्रज्ञाला पैसा कमी पडतो, अशी आपली समजूत असते. तो पडतोच, पण त्याआधी जातो तो पत्ता. निवृत्तिवेतन चालू राहते. ग्रंथालयाचे ओळखपत्र, सूक्ष्मदर्शक, नियतकालिके आणि पत्राच्या माथ्यावर छापलेले संस्थेचे नाव मात्र एका संध्याकाळी जाते. अनुदानाचा अर्ज लिहिणे म्हणजे हा पत्ता नव्याने मिळवणे, हे मला सरांबरोबर बसल्यावर कळले.

पैसा माणसाला की संस्थेला?

हा रकाना नेहमीच इतका महत्त्वाचा नव्हता. १८४९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी रॉयल सोसायटीला विज्ञानासाठी वर्षाला १,००० पौंड देऊ केले. हा पैसा लहान रकमांनी एकेकट्या संशोधकांना वाटायचा होता. त्या काळी विज्ञान करणारे पुष्कळजण स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चाने काम करत. जेम्स ज्यूल बिअर गाळण्याचा धंदा असलेल्या घराण्यातला. विद्यापीठात त्याला कधीच नोकरी नव्हती. विल्यम टॉमसनबरोबर त्याने केलेल्या प्रयोगांना या निधीची मदत झाली. उतारवयात घरची स्थिती खालावली, तेव्हा १८७८ मध्ये त्याला वर्षाला २०० पौंडांचे सरकारी वेतन मिळाले.

पुढे विज्ञान प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत गेले, तसा पैसाही संस्थांच्या नावे जाऊ लागला. याचे कारण साधे आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणीतरी द्यावा लागतो. माणूस आजारी पडतो, गाव सोडतो. संस्था जागेवर राहते. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या अनुदानाचा विनियोग दाखला सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधल्या ठरावीक नमुन्यात द्यावा लागतो आणि त्यावर संस्थेची सही लागते. तो रकाना या सहीसाठी आहे. अर्जदाराची लायकी तिथे मोजली जात नाही. हे सरांना समजावताना मलाही ते नीट समजले.

पत्ता असला की काय घडते, याचे एक उदाहरण पुण्यातच आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठातली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी संपवून पुण्यात आले आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक संचालक झाले. आजची आघारकर संशोधन संस्था ती हीच. दामोदर धर्मानंद कोसंबी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडले. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना एमेरिटस सायंटिस्ट नेमले, ते विज्ञानवर्धिनीशी जोडून. एका निवृत्त प्राध्यापकाने वाढवलेल्या संस्थेचा पत्ता असा दुसऱ्याच्या कामी आला. १९६५ मध्ये कोसंबींचे प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. जून १९६६ मध्ये ते गेले. तो पत्ता त्यांना दोनच वर्षे लाभला.

पत्त्याशिवाय काम होतच नाही, असेही नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९६२ मध्ये निवृत्त झाले. संख्यांवरच्या पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाला ६१७४ हा आकडा ठाऊक झाला. पण गणिताला कागद-पेन्सिल पुरते. सड्यावर जायला भर पावसात गाडी लागते.

दारे कोणती?

आज निवृत्त शास्त्रज्ञापुढे साधारण तीन दारे असतात. पहिले सरकारी : परिषदेची एमेरिटस योजना किंवा विज्ञान अकादम्यांच्या अधिछात्रवृत्त्या. इथे यजमान संस्था लागते आणि बहुधा वयाची मर्यादाही असते, म्हणून निवृत्तीच्या आधीच हालचाल करावी. निवृत्त शास्त्रज्ञांनी आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडावा यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचीही एक योजना होती. पण २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले, जुने मंडळ त्यात विलीन झाले आणि बरीच घडी बदलली. कोणी दिलेले जुने पत्रक हाती धरून अर्ज करू नये.

दुसरे दार परदेशी लहान निधींचे. ब्रिटनमधल्या रफर्ड फाउंडेशनसारखी संस्था निसर्गसंवर्धनाच्या कामाला काही हजार पौंड देते आणि एकटा माणूसही तिथे अर्ज करू शकतो. मात्र केवळ अभ्यास तिथे चालत नाही, संवर्धनाला त्याचा उपयोग दाखवावा लागतो. तुमचे काम जाणणाऱ्या तिघांची शिफारस लागते. परदेशी पैसा म्हटला की २०१० च्या परकीय अंशदान कायद्याविषयी सनदी लेखापालाला आधी विचारावे, रक्कम आल्यावर नव्हे. तिसरे दार आपल्या जवळच्या विश्वस्त निधींचे. त्यांची जाहिरात क्वचितच दिसते. चौकशी करत राहावे लागते.

मोठ्या अर्जातून लहान अर्ज

सरांचा पहिला अर्ज त्यांनी एकट्याने लिहिला होता. पश्चिम घाटातले सगळे प्रमुख सडे, तीन वर्षे, दोन साहाय्यक, २८ लाख रुपये. सुरुवातीची चार पाने त्यांनी आजवर काय केले याची. दोन ओळींचे नकारपत्र आले. सर दुखावले, आणि आठवडाभर मला फोन केला नाही.

अर्जात चूक एकही नव्हती. पण तो अजून विभागप्रमुख असलेल्या माणसाने लिहिला होता. अर्ज वाचणाऱ्याला एवढेच हवे असते : अठरा महिन्यांनी हातात काय पडेल, आणि ते याच माणसाकडून का पडेल? निवृत्त माणसाची खरी ताकद इथे असते. नवी माहिती गोळा करायला तरुण पुष्कळ आहेत. सव्वीस वर्षांची जुनी माहिती एखाद्याकडेच असते. म्हणून नव्या अर्जात आम्ही एकच सडा घेतला. प्रश्नही एकच : त्याच गवतांचा फुलोरा त्याच जागी आता कधी येतो? जुन्या वह्या संगणकावर उतरवायच्या, दोन पावसाळे पुन्हा चालायचे, दोन्ही तारखा शेजारी मांडायच्या.

वयाचा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात असतोच, तो विचारत मात्र नाही. त्याचे उत्तर आपणच द्यावे. सहअर्जदार म्हणून माझे नाव घातले आणि काम संपल्यावर नमुने व नोंदी कुठे राहतील, तेही लिहिले. संरक्षित वनक्षेत्र असेल तर वनखात्याची परवानगी लागते. तिला लागणारे महिने वेळापत्रकात धरले. पावसाळा परवानगीसाठी थांबत नाही.

अंदाजपत्रक असे झाले : बत्तीस फेऱ्या, प्रत्येकी २,२०० प्रमाणे ७०,४०० रुपये. नोंदी उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला बारा महिने ५,००० प्रमाणे ६०,०००. नमुने कागदावर लावायला १५,०००, किरकोळ १०,०००. एवढे लिहून सर थांबले. मी विचारले, “आणि भिंगाचं काय?” ते काही बोलले नाहीत. सरांची नजर मंदावली आहे. तुसावरची लव त्यांना दिसत नाही, गेली दोन वर्षे ती मी बघून सांगतो. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला, तर तीच लव पडद्यावर मोठी दिसते. “डोळे गेलेत असं अर्जात लिहायचं?” सर म्हणाले. आम्ही लिहिले, ‘नमुन्यांच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा, १८,००० रुपये’. त्यात खोटे काही नव्हते. छायाचित्रेही हवीच होती. एकूण १,७३,४०० रुपये.

उरला तो रकाना. सरांच्या जुन्या संस्थेने, निवृत्तांसाठी तशी तरतूद नाही, असे कळवले. मग तालुक्याच्या महाविद्यालयात गेलो. तिथल्या प्राचार्य सरांच्या विद्यार्थिनी. त्यांनी अर्ज उभ्या-उभ्या वाचला आणि विचारले, “हिशेब कोण ठेवणार?” मी बँकेत होतो, हे सांगितल्यावर त्यांनी शिक्का मागवला.

एका स्थानिक विश्वस्त निधीने तो अर्ज मंजूर केला. आता दर शनिवारी आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसतो. पडद्यावर सर स्वतः लव बघतात आणि कधीकधी मी दोन वर्षांत केलेल्या चुका दाखवतात. आतापर्यंत नऊ निघाल्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी अशी महाविद्यालये पुष्कळ आहेत, आणि वह्या भरलेले पोटमाळेही. प्राचार्यांचा शिक्का उमटायला अर्धे मिनिट लागते; त्या दारापर्यंत जायला आम्हाला मात्र तीन वर्षे लागली.