माइक बदलण्याआधी

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना आवाज बारीक आला, की दोष बहुधा माइकच्या माथी मारला जातो आणि नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या एखाद्या दुकानातून नवा माइक घरी येतो. तोही तितकाच बारीक निघाला, की संगणकाला नावे ठेवली जातात. नाशिकपुरते बोलायचे तर हा प्रश्न किरकोळ नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून इथूनच राज्यभर, घरी राहून शिकणाऱ्यांपर्यंत पोचते आहे. २०२०च्या टाळेबंदीपासून शाळा-महाविद्यालयांतले शिक्षकही घरच्या लॅपटॉपवर पाठ मुद्रित करू लागले. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, काव्यवाचन मुद्रित करून पाठवणारे हौशी वाचक वेगळेच. या सगळ्यांचे ऐकणारे दूर कुठेतरी, बसमध्ये किंवा शेताच्या बांधावर, साध्या मोबाइलवर ऐकत असतात. म्हणून स्पष्ट म्हणावेसे वाटते, की बिघडलेला माइक हे कारण सर्वांत शेवटी तपासावे. त्याआधी तोंड आणि माइक यांतले अंतर पाहावे, मग जोडणी, मग संगणकाची सेटिंग. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या पायरीवर गमावलेले पुढच्या कुठल्याच पायरीवर पूर्णपणे भरून निघत नाही.

अंतराचा हिशेब पक्का आहे. मोकळ्या जागेत माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. टेबलावर ६० सेंटिमीटरवर ठेवलेला माइक १५ सेंटिमीटरवर आणला, तर १२ डेसिबल मिळतात, म्हणजे माइकमधून निघणारा विद्युतदाब चौपट होतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हा फरक थोडा कमी भरतो, पण दिशा तीच राहते. यातली खरी कमाई मात्र वेगळी आहे. छताचा पंखा आणि रस्त्यावरची वाहने माइकपासून जवळपास पूर्वीइतकीच दूर राहतात. म्हणजे वक्ता चौपट झाला आणि पंखा होता तेवढाच राहिला. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या घरात पंखा बंद करून तासभर बोला, असे कुणालाही सांगणे अवघड आहे. माइक जवळ घ्या, हे सांगता येते. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी गायकांना थेट कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. वाढवायला बटणच नव्हते, त्यामुळे कर्ण्यापासूनचे अंतर हीच पातळी ठरवण्याची मुख्य सोय होती. बटणे आली आणि ही समज मागे पडली.

यावर आक्षेप येतो, की माइक जवळ धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात आणि श्वास ऐकू येतो. आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय लांब जाणे नव्हे. या वर्णांच्या उच्चारात हवेचा झोत सरळ समोर जातो. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा तिरपा ठेवला, की झोत बाजूने निघून जातो आणि आवाज तेवढाच राहतो. माइकपुढे स्पंजची टोपी किंवा जाळी असेल तर अधिक बरे. दुसरा आक्षेप असा, की लॅपटॉपचा आतला माइक लांबून बोलण्यासाठीच बनवलेला असतो. हेही अर्धे खरे. अनेक लॅपटॉपमध्ये दोन किंवा अधिक माइक शेजारी बसवून समोरून येणारा आवाज वेचण्याची सोय असते. ती बैठकीतल्या संभाषणाला पुरते. पण खोलीचा घुमारा तिच्याने पूर्ण जात नाही, आणि तासभर ऐकायच्या पाठात तोच घुमारा कानाला थकवतो.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा, की बारीक आलेले रेकॉर्डिंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवले की झाले. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत आवाज वाढवणे दोन क्लिकचे काम आहे हे खरेच. पण आवाज २० डेसिबलने उचलला, की त्याखालची खरखर आणि पंख्याची घरघरही २० डेसिबलनेच वर येते. आवाज आणि गोंगाट यांतला फरक मुद्रणाच्या क्षणी ठरून गेलेला असतो. सातपूरला ‘नॅब’ची, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची, महाराष्ट्र शाखा आहे. अशा संस्थेच्या दृष्टिहीन वाचकांसाठी कुणी पुस्तक वाचून मुद्रित करते, तेव्हा ऐकणाऱ्याला कागदावर नजर टाकून हुकलेला शब्द शोधता येत नाही. त्याने आवाज वाढवला, की घरघरही वाढते. इथे एक फरक नीट करायला हवा, कारण उलट टोकाचा गैरसमजही आहे: मीटरचा काटा लाल रेघेपर्यंत गेलाच पाहिजे, असा. तसे नाही. २४ बिटमध्ये मुद्रण केले तर कागदोपत्री १४४ डेसिबलचा आवाका मिळतो, १६ बिटमध्ये ९६चा. माइक जवळ असेल आणि खोली शांत असेल, तर सर्वांत मोठा उच्चार उणे १२ डेसिबलपर्यंत पोचला तरी भरपूर झाले. असे ‘बारीक’ पण स्वच्छ रेकॉर्डिंग नंतर खुशाल उचलावे. शून्याच्या वर जाऊन फाटलेला आवाज मात्र पुन्हा तंतोतंत शिवता येत नाही. म्हणून आकडा छोटा आहे एवढ्यावरून घाबरू नये. बोलणे थांबल्यावर काटा किती खाली पडतो, ते पाहावे. तो फारसा पडत नसेल, तर आधी अंतर कमी करावे.

अंतर ठीक असूनही आवाज क्षीण असेल, तर जोडणीकडे वळावे, आणि इथे ‘महाग माइक म्हणजे मोठा आवाज’ ही समजूत उघडी पडते. सभागृहांत सर्रास दिसणारा शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक ९४ डेसिबलच्या ध्वनीला २ मिलिव्होल्टहूनही कमी विद्युतदाब देतो. १ मीटरवरून नेहमीच्या सुरात बोलले, म्हणजे सुमारे ६० डेसिबल, तर हाती येतो मिलिव्होल्टच्या पंचविसाव्या हिश्श्याहून कमी. कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात असा माइक दमदार वाटतो, कारण तो तोंडाशी असतो आणि पुढे मिक्सरमधला प्रीअँप्लिफायर त्याला शेकडो पटींनी वाढवतो. तोच माइक साध्या वायरने लॅपटॉपच्या भोकात घातला तर तो पुटपुटणारच. त्यात त्याचा दोष नाही. मधले यंत्र गायब आहे. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकची गोष्ट निराळी. त्याला चालायलाच साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो लॅपटॉपच्या साध्या भोकातून मिळत नाही. बीएम-८०० नावाने ऑनलाइन मिळणारे स्वस्त माइक लॅपटॉपच्या तुटपुंज्या व्होल्टवर कसेबसे बोलतात, म्हणून ते ‘खराब’ ठरतात. पुरेसा पुरवठा देणारा ऑडिओ इंटरफेस जोडला, की त्यांचाच आवाज भरतो. शिक्षकांत लोकप्रिय असलेल्या बोया बीवाय-एम१ या कॉलर माइकच्या डबीवर एक छोटा स्विच असतो: एक बाजू मोबाइलसाठी, दुसरी कॅमेरा-संगणकासाठी. या दुसऱ्या बाजूला आत घातलेल्या बटणासारख्या सेलची गरज असते. स्विच चुकीच्या बाजूला असला किंवा सेल उतरला, तर माइक धडधाकट असूनही आवाज बसतो. पिनेवरच्या काळ्या रेघाही मोजाव्यात. हेडफोन-माइकचे एकच भोक असलेल्या लॅपटॉपला तीन रेघांची पिन हवी असते. दोन रेघांची पिन घातली, तर संगणक बाहेरच्या माइकची दखलच न घेता आतल्या माइकवरून मुद्रण करत राहू शकतो. आणि एक छुपा प्रकार: तीन टोकांच्या एक्सएलआर माइकला स्टीरिओ छोट्या पिनेची वायर लावली, तर डाव्या आणि उजव्या बाजूला एकाच आवाजाच्या उलट्या लहरी जातात. हेडफोनवर आवाज ठीक भासतो. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही एकत्र येऊन एकमेकींना खोडतात आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मुद्रण करणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याने ते हेडफोनवरच तपासलेले असते.

संगणकाच्या सेटिंगबद्दल मात्र थोडक्यात आटपता येते. आधी माइकच्या जाळीवर नख हलकेच घासावे आणि पडद्यावर कुठल्या इनपुटचा काटा उडतो ते पाहावे. विंडोजने भलताच माइक निवडलेला असणे हे नेहमीचे कारण आहे. मग साउंड सेटिंगमध्ये इनपुटची पातळी पाहावी. भोकातून जोडलेल्या माइकसाठी अनेकदा १०, २०, ३० डेसिबलचा ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसतो. यूएसबी माइकला तो बहुधा नसतो आणि नसला म्हणून काही बिघडलेले नसते. बूस्टवर भिस्त ठेवू नये, कारण तो खरखरही वाढवतो. ‘कम्युनिकेशन्स’ या टॅबवर ८० टक्के कपातीचा पर्याय बघून अनेकांना तोच गुन्हेगार वाटतो. तो कॉल चालू असताना इतर प्रणालींचा ऐकू येणारा आवाज कमी करतो. माइकच्या पातळीशी त्याचा संबंध नाही.

‘आता सॉफ्टवेअरच गोंगाट काढून टाकते, मग इतकी उठाठेव कशाला?’ हा आजचा सर्वांत वजनदार आक्षेप. बोलण्यापुरता तो बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. पण गोंगाट काढणाऱ्या पद्धती साधारणपणे सतत एकसारखा चालणारा आवाज हा कचरा आणि चढउतार असलेला मानवी आवाज हा ऐवज धरतात. पंख्याला हा नियम लागू पडतो. तानपुऱ्यालाही पडतो. ऑनलाइन शास्त्रीय गायन शिकवताना तानपुरा मध्येच विरतो, लांबवलेला षड्ज बसत जातो, आणि गुरू माइकवर संशय घेतात. माइकने सूर नीट पकडलेला असतो, सॉफ्टवेअरने तो पुसलेला असतो. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय याचसाठी दिला आहे. तो चालू करावा, माइकची पातळी आपोआप बदलणारी खूण काढून टाकावी आणि पातळी हाताने बसवावी. मग पंखा ऐकू येईल, हे खरे. त्यामुळे गाणाऱ्यालाही अखेर माइक जवळच घ्यावा लागतो.

एवढे करूनही आवाज उठत नसेल, तर तोच माइक, योग्य वायर आणि ताजा सेल घालून, दुसऱ्या संगणकाला तितक्याच अंतरावरून लावून पाहावा. तिथे नीट चालला, तर पहिल्या संगणकाचे भोक किंवा साउंड कार्ड तपासायला द्यावे. तिथेही तो तितकाच क्षीण असेल, जाळीत धूळ साचलेली नसेल आणि वायर हलवल्यावर आवाज येत-जात नसेल, तर माइक बदलायला हरकत नाही.