स्वर्गाचे राज्य – सोमवार ते शनिवार

'वन-नॉर्थ' हे नाव ज्यानं सुचवलं त्याला दाद दिली पाहिजे. विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण एका अंशावर सिंगापूर, म्हणून वन-नॉर्थ! २००१ साली सुमारे २०० हेक्टर जागेवर जेटीसीने हा परिसर विकसित करायला घेतला. मूळ आराखडा झाहा हदीद या नामांकित वास्तुशिल्पी बाईंचा. २००३ मध्ये बायोपोलिस उभं राहिलं, २००८ मध्ये फ्यूजनोपोलिस. गळ्यात ऑफिसचा पास अडकवून सोमवार ते शुक्रवार इथं धावणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही काही कमी नाहीत.

रविवारी मात्र शेजारच्या बुओना व्हिस्टा स्टेशनात निराळीच गर्दी असते. घरातली म्हातारी माणसं, बाबागाडीतली मुलं, नेटके कपडे. ही गर्दी जाते स्टार व्हिस्टाच्या वर, २०१२ साली सुरू झालेल्या ५,००० आसनांच्या नाट्यगृहात. तिथं न्यू क्रिएशन चर्चची उपासना भरते. सिंगापुरात २०२० च्या जनगणनेनुसार १५ वर्षांवरच्या रहिवाशांपैकी सुमारे १९ टक्के ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. त्यामुळे गावाकडे कधी न पडलेला प्रश्न इथं आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना शेजारीपाजारी हमखास विचारतात, "अहो, ते तुमचं स्वर्गाचं राज्य म्हणजे नेमकं काय असतं?"

प्रश्न चांगला आहे. खरं सांगायचं तर तो आम्हीच स्वतःला अधूनमधून विचारायला हवा.

मराठीत स्वर्ग म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो मेल्यानंतरचा मुक्काम. स्वर्गवासी, कैलासवासी, वैकुंठवासी – सगळे शब्द फोटोला हार घातल्यानंतरचे! ख्रिस्ती घरांतही 'प्रभूघरी गेले' असंच म्हणतात. मरणानंतरच्या जीवनावर ख्रिस्ती माणसाची श्रद्धा असतेच, त्यात शंका नाही. पण येशू ज्या स्वर्गाच्या राज्याबद्दल सतत बोलत होता, ते एवढ्यावर संपत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचे राज्य' असा शब्दप्रयोग येतो. मार्क आणि लूक यांच्याकडे त्याच जागी 'देवाचे राज्य' येते. यहुदी लोक देवाचं नाव सहसा तोंडाने घेत नसत, म्हणून मत्तयाने 'स्वर्ग' म्हटलं असं अभ्यासक सांगतात. आणि ज्या मूळ ग्रीक शब्दासाठी आपण 'राज्य' म्हणतो, त्याचा रोख नकाशावरच्या प्रदेशापेक्षा सत्तेवर जास्त आहे. आपण नाही का विचारत, "या घरात अंमल कुणाचा चालतो?" तसा हा देवाचा अंमल. जिथं त्याच्या इच्छेप्रमाणे वागणं सुरू झालं, तिथं त्याचं राज्य सुरू झालं. त्यासाठी मरायची वाट बघायला नको.

आता या राज्याचे दाखले पाहा. मोहरीचा दाणा. पिठात कालवलेलं खमीर. शेतात पुरलेलं धन. मोत्यांचा व्यापारी. समुद्रात टाकलेलं जाळं. सोन्याचं सिंहासन नाही की अप्सरा नाहीत! मोहरी तर आपल्या रोजच्या फोडणीतली. दाणा बघायला गेलं तर नखाएवढाही नाही, पण वाढला की पाखरं त्याच्या फांद्यांत आसऱ्याला येतात. खमीराचं तर विचारूच नका. सिंगापूरच्या दमट हवेत इडलीचं पीठ रात्रीतून भांड्याबाहेर येतं, हे आपल्या गृहिणींना वेगळं सांगायला नको. आवाज नाही, गाजावाजा नाही, पण सकाळी सगळं पीठ बदललेलं असतं. स्वर्गाचं राज्य असं कामाला लागतं.

हे ऐकताना वारकरी घरात वाढलेल्यांना सावता माळी आठवेल. पंढरपूर जवळ असूनही अरणच्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल भेटला. दोन्ही परंपरा एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून. तो पूल मराठी माणसाला अजून उपयोगी आहे.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच त्यात भाऊ-बहीण म्हणून यावेत अशी कल्पना. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबाराचा विस्तार राहून गेला. पण मला विचाराल, तर देवाचा खरा दरबार त्याआधीच भरला होता – लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात!

'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिल्या. नंतर नगरला परत आल्या, तरी त्यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं, चूल वेगळी. मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं, की या जाती काही देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसाने केल्या. झालं! यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हे घडलं ते १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्याच्या आधी. विधी मागून आला, पाण्याचा घोट आधी. पुढे याच घरात दुष्काळात पोरकी झालेली मुलं वाढली. संसार ओढगस्तीचा, नवरा लहरी, आणि तरी ताटं वाढतच गेली. स्वर्गाचं राज्य मराठी घरात कसं शिरतं याचं यापेक्षा रोखठोक उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरं उदाहरण केडगावचं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणि बायका आणल्या. १९०० च्या सुमारास 'मुक्ती'ची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. आम्हा इंजिनिअर मंडळींनी क्षणभर हिशेब करून पाहावा – दोन हजार माणसांचं रोजचं पाणी, दळण, सांडपाणी, आजारपण! रमाबाईंनी तिथं नुसती प्रार्थना चालवली नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामं उभी केली आणि ती बायकांच्या हाती दिली. संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, आणि ते छापलं केडगावच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी. त्यांच्या लेखी खिळे जुळवणं आणि प्रार्थना करणं ही दोन वेगळ्या खात्यांची कामं नव्हती.

आता परत वन-नॉर्थला येऊ. इथं आपल्याला दुष्काळ नाही, सोवळं नाही. खरंच नाही का?

आपल्या अनेक घरांत हेल्पर असते. फिलिपिन्सची असली तर बहुधा ख्रिस्तीच. सिंगापूरच्या कायद्याने १ जानेवारी २०१३ पासून नव्याने दिलेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या परवान्यांवर तिला आठवड्याची सुट्टी दिली. सुट्टीऐवजी पैसे देण्याची मुभा ठेवली. १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही टाळता येत नाही. कायदा इथवर आला. त्यापुढचं आपल्या हातात. तिचं ताट आपल्या टेबलावर असतं की ओट्याजवळ? तिचा पेला वेगळा ठेवलेला आहे का? मुलं तिला नावाने हाक मारतात तेव्हा मागे 'आंटी' लावतात की नाही? लक्ष्मीबाईंनी जे पाणी ओलांडलं, ते विमानात बसल्याने आपोआप ओलांडलं जात नाही.

मत्तयाकडे द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. सकाळी आलेल्या मजुरालाही तो पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि दिवस मावळताना आलेल्यालाही तेवढीच. अप्रेझलच्या फॉर्मवर वाढलेल्या आपल्या डोक्याला हे पटत नाही. सकाळी आलेल्यांनाही पटलं नव्हतंच! पण मालकाने ठरल्यापेक्षा कुणालाही कमी दिलं नाही, आणि उशिरा आलेल्याच्या घरची चूलही पेटली. लॉरीच्या मागच्या बाजूला बसून साइटवर जाणारे तमिळ आणि बांगलादेशी कामगार, फूडकोर्टात ट्रे उचलणारे सत्तरीचे अंकल, लिफ्टची लादी पुसणाऱ्या मावशी यांच्याकडे आपण कोणत्या फूटपट्टीने बघतो, हे या दाखल्यासमोर उभं राहून तपासता येतं.

आपल्या मुलांसाठीही हे महत्त्वाचं आहे. इथं वाढणाऱ्या मराठी ख्रिस्ती मुलांना रविवारचं संगीत, दिवे, मोठा पडदा भरपूर मिळतो, आणि ते मिळू द्यावं. पण आजीने जात्यावर गायलेलं भजन त्यांना मिळालेलं नाही. त्यांचा देव इंग्रजी बोलतो आणि रविवारी भेटतो, अशी त्यांची समजूत व्हायला वेळ लागत नाही. ती समजूत प्रवचनाने जाणार नाही. बाबांनी ऑफिसात दुसऱ्याच्या कामाचं श्रेय त्यालाच दिलं, आईने हेल्परच्या आजारपणात स्वतः भात लावला, शेजारच्या एकट्या आजींना चहाला बोलावलं, हे बघून ती जाईल.

मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. शब्द साधा, घरातला, आणि त्यात सगळे मावतात. तेव्हा मंडळी, धर्म कोणताही असो, या आठवड्यात एक प्रयोग करून पाहा. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची वाढवा आणि घरात जिला आजवर कुणी 'बस' म्हटलं नसेल तिला बसायला सांगा. पहिले दोन दिवस तिलाही अवघडल्यासारखं होईल, आपल्यालाही. पुढे काय झालं ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.