नकली शस्त्र, खरे शस्त्र आणि ‘बहुधा’

खेळण्यातील पिस्तूल आणि खरे पिस्तूल ह्यांतील भेद वस्तू हातात घेतली असता सहसा लपत नाही. वजन, धातूचा स्पर्श आणि चापाचा ताण तो सांगून टाकतात. परंतु ज्या प्रसंगी हा भेद ओळखण्यावर कोणाचे प्राण अवलंबून असतात, त्या प्रसंगी ती वस्तू दुसऱ्याच्या हातात असते आणि पाहणाऱ्यास दिसतो तो केवळ आकार. नकली शस्त्राचा धोका त्याच्या शक्तीत नसून पाहणारा त्यास जो अर्थ देतो त्यात आहे. म्हणून हा प्रश्न जितका शस्त्रविद्येचा, तितकाच चिन्हमीमांसेचाही आहे.

ब्रिटनमधील २००६ च्या ‘व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्ट’ने हे तत्त्व स्पष्टपणे स्वीकारले आहे. जी अनुकृती व्यवहारतः खऱ्या शस्त्राहून वेगळी ओळखता येत नाही, तिचे उत्पादन, आयात व विक्री ह्या कायद्याने काही अपवाद वगळता निषिद्ध ठरविली. केवळ तज्ज्ञासच कळणारा, जवळून तपासल्यावरच दिसणारा किंवा गोळी भरण्याच्या अथवा झाडण्याच्या प्रयत्नानंतरच उघड होणारा भेद येथे भेद म्हणून जमेस धरला जात नाही.

अमेरिकेने १९८८ च्या एका संघराज्यीय कायद्याने निराळा मार्ग अवलंबिला. खेळण्यातील व हुबेहूब दिसणाऱ्या शस्त्रांच्या नळीच्या तोंडाशी भडक नारिंगी रंगाची खूण असावी, असा नियम झाला. तथापि ही खूण वस्तूच्या रचनेतून उद्भवलेली नाही. ती संकेताने लावलेली आहे. ती काढून टाकता येते, हाताआड झाकली जाते, अंधुक प्रकाशात दिसत नाही. आणि खऱ्या शस्त्रासही तोच रंग फासता येतो. अर्थात खूण नाही म्हणून शस्त्र खरे असे ठरत नाही, आणि खूण आहे म्हणून ते नकली असेही निश्चित होत नाही.

दृश्य खूण अशी अपुरी पडते तेव्हा उरतो तो शब्दाचा आधार. तोही कसा निसटतो, हे ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथील घटनेवरून दिसते. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील एका उद्यानात बारा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा प्लॅस्टिकचे छर्रे उडविणारे नकली पिस्तूल घेऊन खेळत होता. पिस्तुलावरील नारिंगी खूण नाहीशी झालेली होती. एका नागरिकाने आपत्कालीन क्रमांकावर खबर दिली. ते पिस्तूल बहुधा नकली असावे आणि ती व्यक्ती बहुधा अल्पवयीन असावी, असे त्याने सांगितले. दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्याने ही दोन्ही विधाने पुढे कळविली नाहीत. पोलिसांपर्यंत पोचले ते इतकेच, की एक कृष्णवर्णीय पुरुष लोकांवर पिस्तूल रोखत आहे. पोलिसांची गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. त्यानंतर बिनतारी संदेशातून मुलाचे वय सुमारे वीस असे कळविण्यात आले. दुसऱ्या दिवशी मुलगा मरण पावला. डिसेंबर २०१५ मध्ये ग्रँड ज्यूरीने संबंधित पोलिसांवर आरोप ठेवण्यास नकार दिला. मार्च २०१७ मध्ये दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्यास आठ दिवस निलंबित करण्यात आले.

संशयदर्शक शब्द पोचले असते तर परिणाम निश्चित बदलला असता, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु येथे काय गळले, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेतले पाहिजे. वृत्ताचा गाभा म्हणजे नाम आणि क्रिया, आणि ‘बहुधा’ हे केवळ वक्त्याच्या मनाचे डोलणे, अशा समजुतीने संक्षेप करणारा प्रथम अव्ययावरच कात्री चालवितो. वस्तुतः ‘पिस्तूल आहे’ आणि ‘बहुधा नकली पिस्तूल आहे’ ही एकाच विधानाची लांब व आखूड रूपे नव्हेत. ती दोन भिन्न विधाने होत. पहिल्यात निश्चय आहे, दुसऱ्यात थांबून पाहण्यास वाव आहे. जेथे डोळ्यास भेद दिसणे शक्य नसते, तेथे संशय व्यक्त करणारा शब्द हीच एकमेव खूण उरते. आणि ती खूण पुसली गेली म्हणजे नकली शस्त्र ऐकणाऱ्यापुरते खरे होऊन बसते.