बॅटरी-रेडिओला पुन्हा वीज देताना

गावोगाव वीज पोहोचण्याआधी आपल्याकडे व्हॉल्व्हचे रेडिओ बॅटरीवर चालत. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातल्या १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे जमवून त्यांच्यासाठी खास कार्यक्रम केले. तो काळ ट्रान्झिस्टर हातोहाती येण्याच्या आधीचा. त्या पिढीतले काही बॅटरी-रेडिओ आजही माळ्यावर सापडतात. लाकडी खोके शाबूत असते, आतले व्हॉल्व्हही पुष्कळदा चांगले असतात. नसते ती फक्त बॅटरी, आणि ती आता दुकानात मिळत नाही. ‘वीज द्यायला काहीच नाही’ एवढ्यावरून असा रेडिओ भंगारात जाऊ देऊ नये. त्याची गरज फार थोडी आहे; ती नेमकी ओळखली, की घरी भागवता येते.

या रेडिओला दोन वेगळे पुरवठे लागतात. पहिला एलटी, म्हणजे सुमारे १.४ व्होल्ट. व्हॉल्व्हमधली बारीक तार, फिलामेंट, तापवण्यासाठी तो असतो. दुसरा एचटी, बहुधा ९० व्होल्ट. तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे खेचण्याचे काम त्याचे. विजेवर चालणाऱ्या मोठ्या रेडिओत फिलामेंट निराळे आणि इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड निराळा असल्याने फिलामेंटला एसी दिला तरी चालतो. बॅटरीच्या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हाच कॅथोड असतो. तिथे एसी दिला, की सगळी घरघर स्पीकरमध्ये उतरते. म्हणून एलटी अगदी स्वच्छ डीसीच हवा.

सुरुवात मोजणीने करायची. व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. डीके ९६, डीएफ ९६ आणि डीएएफ ९६ यांना प्रत्येकी २५ मिलिअँपिअर लागतात, तर आवाज काढणाऱ्या डीएल ९६ ला ५०. फिलामेंट समांतर जोडलेली असली, तर चौघांचे मिळून १२५ झाले. त्याआधीची पिढी डीके ९१, डीएफ ९१, डीएएफ ९१ आणि डीएल ९४ अशी. तिला दुप्पट, म्हणजे २५० मिलिअँपिअर लागतात. काही सेटमध्ये फिलामेंट एकामागे एक जोडलेली असतात. तिथे एलटीचा व्होल्टेज बराच जास्त असतो, त्यामुळे जोडणी पाहिल्याशिवाय आकडा गृहीत धरू नका. एचटीचा प्रवाह बहुधा १० मिलिअँपिअरच्या आसपास असतो.

मग बॅटरीच्या प्लगच्या तारा शोधायच्या. रंगावर विसंबू नका. इतक्या वर्षांत कुणी तरी तारा बदललेल्या असू शकतात. वर सांगितलेल्या छोट्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंटची टोके १ आणि ७ नंबरच्या पिनांवर येतात. डीएल ९६ च्या फिलामेंटचा मध्य ५ नंबरच्या पिनेवर काढलेला असतो, १.४ व्होल्टवर चालवताना १ आणि ७ एकत्र जोडतात. व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि या पिनांपासून मल्टीमीटरने मागे मागे जात प्लगपर्यंत या. ज्या तारा थेट फिलामेंटला जातात त्या एलटीच्या. हे काम शांतपणे दोनदा करा. चुकून ९० व्होल्ट एलटीच्या तारांवर गेले, तर सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातात.

आता एचटीची ऋण तार चेसिसला थेट जोडलेली आहे का ते पाहा. बऱ्याच सेटमध्ये ती थेट जात नाही, मध्ये सुमारे ५०० ओहमचा रेझिस्टन्स असतो. रेडिओचा सगळा एचटी प्रवाह त्यातून परततो. १० मिलिअँपिअर गुणिले ५०० ओहम म्हणजे ५ व्होल्ट. हे ५ व्होल्ट शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला ऋण बायस म्हणून मिळतात आणि त्याचा प्रवाह आवाक्यात ठेवतात. जुन्या बॅटऱ्या एकमेकींपासून अलग असल्याने हे साधत असे. नव्या पुरवठ्यात दोन्ही ऋण टोके एकत्र बांधली, तर हा रेझिस्टन्स शॉर्ट होतो आणि बायस नाहीसा होतो. मग आवाज फाटतो, व्हॉल्व्हचे आयुष्य घटते आणि दोष मात्र व्हॉल्व्हवर येतो. म्हणून एलटी आणि एचटी एकमेकांपासून पूर्ण सुटे ठेवायचे.

सर्वांत सोपी वाट बॅटरीचीच आहे. ९ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकीच्या धन टोकाला दुसरीचे ऋण अशा जोडल्या, की ९० व्होल्ट तयार होतात. फिलामेंट समांतर असली, तर एलटीला टॉर्चमधला १.५ व्होल्टचा मोठा सेल पुरतो. जास्त वेळ चालवायचा तर दोन नवे सेल समांतर जोडा. यात घरघर नाही, घरच्या विजेची धास्ती नाही. सेट चालतो की नाही हे तपासायला हीच पद्धत वापरावी.

रोज ऐकायचे असेल, तर एचटीपुरता घरच्या विजेवरचा पुरवठा बांधता येतो. १२-०-१२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर घ्या. पहिल्याला २३० व्होल्ट द्या आणि त्याची ० व १२ ही टोके दुसऱ्याच्या दोन बाहेरच्या टोकांना, म्हणजे २४ व्होल्टच्या गुंडाळीला, जोडा. दुसरा ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि त्याच्या २३० च्या बाजूला हिशेबाने ११५ व्होल्ट एसी येतात. प्रत्यक्षात थोडे कमी. चार डायोडचा ब्रिज आणि ४७ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा कंडेन्सर लावल्यावर तिथे साधारण १४० व्होल्ट डीसी मिळाले असे धरू. आपल्याला ९० हवेत. १२ मिलिअँपिअरवर ५० व्होल्ट उतरवायला ४ हजार ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स लागतो, ३.९ किलोओहम, २ वॅटचा घ्या. त्यापुढे पुन्हा ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. हाच रेझिस्टन्स व्होल्टेज उतरवतो आणि दुसऱ्या कंडेन्सरच्या साथीने घरघरही गाळतो. शेवटी ९१ व्होल्ट, ५ वॅटचा झेनर लावा. रेडिओ प्रवाह घेत नसताना व्होल्टेज चढून आतले जुने कंडेन्सर फुटू नयेत म्हणून तो हवाच. दोन्ही कंडेन्सरांवर २२० किलोओहमचा एकेक रेझिस्टन्स ठेवा, म्हणजे बंद केल्यावर साठलेली वीज आपोआप उतरेल. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून खात्री करा. ९० व्होल्टचा झटका हलका नसतो. २३० च्या बाजूला फ्यूज घाला आणि सगळे बंद डब्यात बसवा. या कामाची सवय नसेल तर जाणत्या माणसाला सोबत घ्या.

एलटी मात्र सेलवरच ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. रेग्युलेटर बिघडला तर आत येणारा सगळा व्होल्टेज फिलामेंटवर जाऊ शकतो, आणि असे व्हॉल्व्ह पुन्हा मिळवणे कठीण. सेलकडून तो धोका नाही. मोबाइलचा चार्जर किंवा व्होल्टेज चढवणारी तयार छोटी सर्किटे स्वस्त असली तरी टाळा. त्यांच्यातली वेगवान उघडझाप मध्यम लहरींच्या पट्ट्यात खरखर भरते आणि दूरचे केंद्र तिच्यात बुडून जाते.

जोडण्याआधी पुरवठ्याची परीक्षा खोट्या भारावर घ्या. एचटीला १० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टन्स लावून व्होल्टेज ९० च्या जवळ राहतो का पाहा. रेडिओच्या आत शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा जुना कागदी कंडेन्सर आणि एचटीवरचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलूनच टाका. पहिला गळतो, दुसरा वाळतो. फिलामेंट शाबूत आहे का हे डिजिटल मीटरनेच तपासा. काट्याच्या जुन्या मीटरची सर्वांत खालची ओहम रेंज २५ मिलिअँपिअरच्या तारेला सोसण्यापेक्षा जास्त प्रवाह देऊ शकते.

आता व्हॉल्व्ह बसवा, आधी फक्त एलटी द्या आणि प्रत्येक फिलामेंटवर १.४ ते १.५ व्होल्ट पोहोचतात का मोजा. तार लाल दिसणार नाही. ती इतक्या कमी तापमानाला काम करते, की उजेड दिसत नाही म्हणून व्होल्टेज वाढवणे हा तिचा घात ठरतो. मग एचटी जोडा. हे व्हॉल्व्ह तापायला वेळ घेत नाहीत, त्यामुळे स्पीकरमधून लगेच खसखस यायला हवी. ती आली, की बायसच्या रेझिस्टन्सवरचा व्होल्टेज मोजा. ५ च्या आसपास असेल, तर रेडिओ ठरल्याइतकाच प्रवाह घेतो आहे. तो बराच जास्त असेल, तर लगेच बंद करून गळका कंडेन्सर शोधा.

सगळे जमले, की एलटी आणि एचटीसाठी एकमेकांत बसूच शकणार नाहीत असे दोन वेगळे प्लग लावा. व्हॉल्व्हचे नंबर, मोजलेले व्होल्ट आणि कुठली तार कशाची हे कागदावर लिहून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. या रेडिओच्या मूळ बॅटरीची माहिती हरवली म्हणूनच तो इतकी वर्षे मुका राहिला. पुढे जो कुणी तो उघडेल त्याला तरी हे सगळे नव्याने शोधावे लागू नये.