उत्सवातील बालकीर्तने आणि घरचा पाठ

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसले की करवीरनगरीचा दिनक्रमच पालटतो. श्रीअंबाबाईच्या दर्शनाची रांग पहाटेपासून लागते, रात्री पालखी निघते आणि पेठापेठांतून भजन, प्रवचन, कीर्तन यांची सेवा सुरू होते. या सेवेत बालकीर्तनकारांचे विशेष कौतुक असते. आठ-दहा वर्षांचे मूल उपरणे सावरीत, झांज वाजवीत नारदांच्या गादीवर उभे राहिले म्हणजे श्रोत्यांचे डोळे भरून येतात. हे कौतुक रास्तच होय. तथापि ज्या मुलाचे शिक्षण घरीच चालते, त्याच्या पालकांनी या दिवसांत अधिक सावध असावयास हवे.

शाळेतील मुलास घंटा असते, हजेरीपट असतो, सहामाही परीक्षा असते. घरी शिकणाऱ्या मुलाचा शिक्षक, मुख्याध्यापक आणि कार्यक्रम ठरविणारा बहुधा एकच असतो. तो म्हणजे त्याचा पालक. आमंत्रणे येत राहतात, ‘आजचा पाठ उद्या घेऊ’ असे म्हणणे सोपे जाते आणि गणेश चतुर्थीपासून कोजागरीपर्यंतचा काळ निघून जातो. मग मुलाला आख्यान तोंडपाठ असते, परंतु त्यातील श्लोकाचा पदच्छेद विचारला की ते गोंधळते; गणिताची तर गोष्टच नको.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. येथेच १८९० साली जन्मलेले संगीतसूर्य केशवराव भोसले बालवयातच नाटक मंडळीत गेले, ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने गाजले आणि १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. पण अशी प्रतिभा विरळा. नाटक मंडळीत वाढलेल्या सामान्य मुलाचा आवाज वयात येताना फुटला की त्याची रंगभूमी सुटे आणि हाती पुरेशी अक्षरविद्याही नसे. याच करवीरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कलेचा आश्रयदाता असलेल्या राजानेही अक्षरविद्येला पर्याय मानला नाही, हे ध्यानी ठेवावे.

मग उत्सव आणि अध्ययन यांचा मेळ कसा घालावा? आपल्या परंपरेने याचे उत्तर पंचांगातच दिले आहे. वेदाध्ययनाची पद्धत पाहिली तर प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी आदी तिथी अनध्यायाच्या मानलेल्या दिसतात. वाल्मीकींनी सुंदरकांडात सीतामाईच्या कृशतेला, प्रतिपदेस पाठ करणाऱ्याच्या क्षीण झालेल्या विद्येची उपमा दिली आहे. नवरात्रातही मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन होते. त्या काळात ग्रंथ पूजेत असतात. विजयादशमीस पाटीपूजन करून विद्येला पुन्हा प्रारंभ होतो. म्हणजे सुट्टी शास्त्राला मान्य आहे. मात्र ती केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, हे आधीच ठरलेले असते. बेहिशेबी सुट्टी हा अनध्याय नव्हे, तो आळस होय.

याच नवरात्रात ललिता पंचमीस त्र्यंबोली टेकडीवर कुमारिकेचे पूजन होऊन तिच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो. बालिकेला तेथे मोठा मान आहे, पण तिच्याकडून अपेक्षिलेले काम नेमके आणि आटोपशीर आहे. बालकीर्तनाचे प्रमाणही असेच असावे. व्यावसायिक कार्यक्रमांतील बालकलाकारांसाठी २०१७ च्या नियमांनी दिवसाला पाच तासांची आणि विश्रांतीशिवाय तीन तासांची कमाल मर्यादा घातली आहे. देवीच्या सेवेत घड्याळ घेऊन कोणी उभा राहत नाही. ती मर्यादा आईबापांनीच पाळावयाची.

माझ्या कीर्तनसेवेच्या अनुभवावरून काही गोष्टी सुचवितो. नवे पाठ भाद्रपदातच पुरे करावेत आणि नवरात्रात केवळ आवृत्ती ठेवावी. सरस्वतीपूजेचे दिवस सोडून रोज सकाळी तासभर वाचन व गणित चुकवू नये. एकाआड एक दिवस, अर्ध्या तासाहून अधिक नाही, आणि रात्री नऊच्या आत मूल घरी, असा नेम यजमानांना आधीच सांगावा. पूर्वरंगातील प्रत्येक श्लोकाचा अन्वय व अर्थ मुलाने आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय त्याला गादीवर उभे करू नये. बिदागी मुलाच्या नावे टपाल खात्याच्या बचत पुस्तकात जमा करावी. घसा बसला असेल तर आमंत्रण नम्रपणे परत करावे. जगदंबा रागावत नाही.

पुढचा विचारही हवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा चौदाव्या वर्षापासून देता येते. घरी शिकणाऱ्या मुलास हा मार्ग खुला आहे, पण तेथे टाळ्यांचे गुण मिळत नाहीत.

यंदा विजयादशमीस आपट्याची पाने वाटून झाली की पाटीवर सरस्वती काढावी, आणि एकादशीच्या सकाळी मुलाला शेजारी बसवून राहिलेला धडा उघडावा. अर्थ उमजलेले मूल पुढच्या वर्षी गादीवर उभे राहील तेव्हा त्याचे निरूपण त्याचे स्वतःचे असेल. श्रीअंबाबाई सर्व बालकांना विद्या आणि वाणी दोन्ही देवो, हीच प्रार्थना.