गाडीच्या तळातील ‘खट्’ आवाज कोठून येतो?

वाराणसीहून कन्याकुमारीकडे जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7 रीवा, जबलपूर, सिवनीमार्गे नागपूरला येत असे. 2010 मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तरी विदर्भातून स्वतःच्या वाहनाने काशीयात्रेस निघणाऱ्यांची वाट बहुधा तीच असते. या लांबच्या प्रवासात गाडीतील एक दोष अनेकदा वाराणसीत शिरल्यावरच उघड होतो. कॅन्ट स्थानकाजवळील कोंडीत गाडी थांबते, सुटते, मागे घ्यावी लागते आणि दर वेळी तळातून ‘खट्’ असा आवाज येतो.

महामार्गावर हा आवाज ऐकू येत नाही, यामागे कारण आहे. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारे दाते व सांधे यांच्यात थोडी मोकळीक असतेच. गाडी समान वेगाने धावताना हे भाग एकाच बाजूने परस्परांना टेकलेले राहतात. ओढ उलटली की मोकळीक भरून निघते आणि एक भाग दुसऱ्यावर आदळतो. झिजेमुळे मोकळीक वाढली की त्याचा आवाज होतो. म्हणूनच आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे मेकॅनिकला आधी सांगावे.

बोलेरो, सुमो किंवा जुनी अँबेसिडर यांसारख्या मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत प्रथम संशय घ्यावा तो प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावर. या सांध्यात एक पोलादी ‘क्रॉस’ असतो आणि त्याची चार टोके सुईसारख्या बारीक बेअरिंगवर फिरतात. साचलेल्या पाण्यातून गाडी वारंवार गेली की ग्रीस धुऊन जाते, बेअरिंग गंजते. सांध्याभोवती तांबूस भुकटी दिसणे ही त्याची खूण होय.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी बंद करावी, चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत, हँडब्रेक ओढून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून पाहावा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी मागे राहते, असे दिसल्यास क्रॉस झिजला आहे. दोन्ही बाजू एकदम हलत असतील, तर मोकळीक पुढे डिफरन्शियलमध्ये आहे. तेथे ती थोडी असणे स्वाभाविक आहे. ही साधी परीक्षा टाळून थेट डिफरन्शियल उघडणे म्हणजे अकारण खर्चास निमंत्रण होय. शाफ्ट काढण्यापूर्वी जोडावर खूण करून घ्यावी. तो फिरलेल्या स्थितीत बसवला गेल्यास दुरुस्तीनंतर गाडी थरथरू लागते.

हाताला स्पष्ट हलणारा सांधा घेऊन परतीच्या प्रवासास निघू नये. धावत्या गाडीत पुढचा सांधा तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आपटते.

1983 मध्ये आलेल्या मारुती 800 पासून रूढ झालेल्या, पुढच्या चाकांना गती देणाऱ्या मोटारींत हा लांब शाफ्ट नसतो. त्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कट्-कट्’ झाल्यास चाकाजवळचा सीव्ही जॉइंट पाहावा. त्याचे रबरी आवरण बहुधा फाटलेले आढळते. केवळ खड्ड्यांत आदळताना येणारा आवाज मात्र सहसा सस्पेन्शनचा असतो.