पुसणारी म्हातारी

श्रद्धा आणि शंका यांची झटापट मांडणारी पुस्तकं म्हटली की आपल्याला डार्विननंतरचा युरोप आठवतो, फार तर आगरकर. पुसदच्या वाचकाला इतक्या लांब जायला नको. पैनगंगा ओलांडली की माहूर. महानुभाव पंथ ज्यांना परमेश्वराचे अवतार मानतो, त्या पंचकृष्णांपैकी दत्तात्रेयांचं हे स्थान. पंचकृष्णांपैकीच चक्रपाणींना ते इथेच भेटले, अशी पंथाची धारणा आहे. याच पंथाचं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपुरात सिद्ध केलं. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना साक्षात परमेश्वर मानणाऱ्यांनी, तसंच मानणाऱ्यांसाठी लिहिलेला हा ग्रंथ. तरीही त्यात शंकेला हक्काची जागा आहे, असं माझं म्हणणं आहे.

म्हाइंभट मुळात विद्येच्या ताठ्यात चक्रधरांशी वाद घालायला आलेले पंडित. पुढे शिष्य झाले, पण पंडिताची खोड गेली नाही. गुरूच्या आठवणी गोळा करताना ते गावोगाव हिंडले, ज्यानं पाहिलं-ऐकलं त्यालाच गाठून विचारलं आणि मिळालेलं पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतलं. पुढे मूळ प्रत लुटीत गेली, तेव्हा अनुयायांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात तिथे एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. कुणाची आठवण कशी, हे नावानिशी नोंदलं. पंथात अशा पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात. देवाच्या चरित्रात साक्षीदारांचे मतभेद जपून ठेवणं ही लहान गोष्ट नव्हे. आणि चक्रधरांची शिष्या महदाइसा! सतत काही ना काही पुसत राहणारी ही म्हातारी. चक्रधर तिच्या जिज्ञासेचं कौतुक करतात, आणि ग्रंथ ते कौतुक नोंदवतो.

यावर कुणी म्हणेल, ही शंका साक्षीपुरतीच. चक्रधरांच्या ईश्वरत्वावर तिथे कुणी बोट ठेवतं का? शिष्यांपैकी कुणी ठेवत नाही, हे मान्य. पण जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ कायमचे वेगळे मानणाऱ्या या तत्त्वज्ञानानं केवढी उलथापालथ केली पाहा. देवता ८१ कोटी सव्वा लाख १०. त्या फळ देतील, मोक्ष देणार नाहीत. म्हणजे गावोगावच्या देवळांत माणूस जे मागत होता, त्यातलं सर्वांत मोठं मागणं त्या देवळांच्या हाती नाही, असं तेराव्या शतकात मराठीतून सांगितलं गेलं. नास्तिकता ही नव्हे. पण रूढ श्रद्धेला यापेक्षा कडक प्रश्न आपल्या किती आधुनिक पुस्तकांनी विचारला आहे?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. इतका मोकळेपणा होता, तर पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत का बंद केल्या? अपवित्र हाती पडू नयेत म्हणून, आक्रमणाच्या भीतीनं, अशी कारणं दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण किंमत मोजावी लागलीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या अभ्यासकांनी लिपीची कुलपं उघडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हा ग्रंथ जवळपास नव्हताच. वि. भि. कोलते यांनी संपादिलेलं ‘लीळाचरित्र’ राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७८ मध्ये छापलं, तेव्हा पंथातूनच त्यावर आक्षेप आले. म्हाइंभटांना ते नवे वाटले नसते. त्यांनी तेही नावानिशी टिपून ठेवले असते.